पाहुणीचा रविवारचा फोन

मी एक जुना टेलिफोन आहे. काळा, जड, पुढे आकड्यांची तबकडी असलेला. तुम्ही म्हणाल, टेलिफोनला कसलं आलंय आत्मवृत्त, जन्मभर दुसऱ्यांचं बोलणं तर ऐकत बसला. खरं आहे, मित्रांनो. माझ्या स्वतःच्या आयुष्यात सांगण्यासारखं फारसं घडलं नाही. मला बनवलं, भिंतीला जोडलं, वाजवलं आणि शेवटी काढून टाकलं, एवढंच. पण जे ऐकलं ते सगळं माझ्या पोटात आहे, आणि त्यातली एक गोष्ट मला आता पेलवत नाही. तेवढी सांगून टाकतो.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे लांबच लांब टेबल होतं आणि त्याच्या दोन्ही बाजूंना बायका बसल्या होत्या. एकीने माझ्यात घंटा बसवली, दुसरीने वायरी जोडल्या, तिसरीने तबकडी फिरवून पाहिली आणि नाक मुरडून पुन्हा तेल घातलं. टेबलाच्या टोकाला एक चष्मेवाली बाई होती. ती प्रत्येक फोनचा रिसीव्हर उचलून विचारायची, "हॅलो, ऐकू येतंय का?" पलीकडच्या खोलीतला माणूस सांगायचा, "येतंय," किंवा "खरखर आहे." खरखर असली की फोन मागे जायचा. माझ्यात खरखर नव्हती. मी पहिल्याच फटक्यात पास झालो आणि त्याचा मला पुढे बरीच वर्षं उगाच अभिमान होता.

तिथून मी ज्या घरात आलो, त्या घरातली बाई शिवणकाम करायची आणि तिचा नवरा शाळेची बस चालवायचा. नुकतंच लग्न झालेलं जोडपं होतं. खाली स्वयंपाकघर आणि शिवणाची खोली, वर झोपायच्या खोल्या, आणि मधल्या पॅसेजमध्ये जिन्याच्या पायथ्याशी एका फळीवर मी. माझ्या डोक्यावर आरसा होता आणि शेजारी कोट अडकवायच्या खुंट्या. शिवणबाई मला रोज मखमलीच्या तुकड्याने पुसायची. गल्लीत दुसरा फोन नव्हता. शेजारपाजारची माणसं पाय पुसून आत यायची आणि माझ्यासमोर उभी राहून उगाच ओरडून बोलायची. "किती स्पष्ट आवाज येतो हो तुमच्या फोनमध्ये," असं म्हणायची. मी फुगून जायचो. कुणी बाळंत झाल्याचं, कुणाला नोकरी लागल्याचं, कुणी गेल्याचं, सगळं माझ्यातून गेलं. सांगणारे हसायचे, रडायचे, भांडायचे. माणसं फोन करतात ती खरं सांगायला, असंच मी धरून चाललो होतो.

पुढे त्या जोडप्याला मुलगा झाला. तो मोठा झाला, त्याला मिसरूड फुटलं, आणि एक दिवस त्याने हट्ट धरला की मला परदेशी शिकायला जायचंय. एक संस्था होती. ती शाळकरी मुलांना वर्षभरासाठी दुसऱ्या देशातल्या घरी राहायला पाठवायची. ज्या घरातलं मूल जाई, त्या घरात बदल्यात दुसऱ्या देशातलं कुणीतरी येई. मुलगा एका देशात गेला आणि त्याच्या खोलीत भलत्याच देशातली एक मुलगी राहायला आली. सोळा वर्षांची होती. पाठीवर दोन लांब वेण्या होत्या. तिचं नाव या घरच्यांच्या जिभेला वळेना, म्हणून पहिल्याच दिवशी त्यांनी ते अर्धं मोडून टाकलं. तिला ते आवडलं नाही, पण ती हसली. मी तिला पाहुणी म्हणतो.

संस्थेचे दोन नियम होते. घरातल्या बाईला तिथल्या भाषेत आई म्हणायचं आणि बाप्याला बाबा म्हणायचं, म्हणजे लवकर आपलेपणा येतो. आणि स्वतःच्या घराशी फोनवर बोलायचं ते फक्त रविवारी, तेही तिकडून फोन आला तर, म्हणजे मन मागे ओढत नाही. नियम करणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. या गोष्टीत सगळ्यांचेच हेतू चांगले होते, हे आधीच सांगून ठेवतो. कुणी दुष्ट सापडतो का म्हणून शोधत बसू नका.

दुसरा नियम पाहुणीने पाळला. पहिला तिला जमेना. आई हा शब्द तिने तिथल्या भाषेत पाठ केला होता, पण तो तिच्या तोंडातून बाहेर पडत नसे. ती शिवणबाईला काहीच म्हणत नसे. समोर जाऊन उभी राही, शिवणबाईने वर पाहिलं की मग बोले. शिवणबाईला ते लागलं. "मी काय तिला खाते का?" असं ती एकदा नवऱ्याला पॅसेजमध्येच म्हणाली. नवरा फार बोलणारा नव्हता. त्याने कोट खुंटीला लावला आणि खांदे उडवले.

रोज सकाळी शाळेत जायच्या आधी पाहुणी माझ्यावरच्या आरशात बघून एक वाक्य घोकायची. "मी तुमच्याबरोबर बसू का?" हे वाक्य आठवडाभर चाललं. मग, "तुम्ही कुठे चाललात, मी पण येऊ?" संध्याकाळी ती परत यायची, कोट काढायची आणि आरशात बघायची. तेवढ्यावरून मला कळायचं की वाक्य तसंच परत आलंय. शाळेत कुणी तिला छळत नव्हतं. तिच्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं. सगळे हसले की तीही हसायची, पण तोवर बाकीच्यांचं हसून झालेलं असायचं.

"जेवणाच्या सुट्टीत ती सायकलींच्या शेडमध्ये उभी असते," बसवाल्याने एकदा बायकोला सांगितलं. "एकटीच डबा खाते."

"मग तू काय केलंस?"

"मी काय करणार? बस काढली."

एकदा वर्गातल्या एका मुलीचा फोन आला. मी वाजलो, शिवणबाईने हाक मारली, आणि पाहुणी जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या उड्या मारत खाली आली. रिसीव्हर उचलायच्या आधी तिने केस सारखे केले. जणू पलीकडच्या मुलीला ती दिसणारच होती. पण त्या मुलीला घरातला मुलगा हवा होता. तो परदेशी गेलाय हेही तिला ठाऊक नव्हतं. पाहुणीने त्याचा तिकडचा पत्ता नीट, सावकाश सांगितला. "अजून काही?" असं विचारलं, तोवर पलीकडून फोन ठेवलेला होता. ती तरी बराच वेळ मला कानाला लावून उभी राहिली.

आता रविवारचं सांगतो. सकाळी घरातल्या मुलाचा फोन यायचा. तो कुरकुऱ्या होता. तिकडचा पलंग टोचतो, तिकडचे बाबा घोरतात, तिकडचं पाणीसुद्धा पचत नाही, मला आत्ताच्या आत्ता घरी यायचंय. शिवणबाई आधी रागवायची, मग समजूत घालायची, मग दोघं मिळून त्या घोरणाऱ्या बाबांना हसायचे. मुलगा पोटभर रडगाणं गाऊन मोकळा व्हायचा आणि पुढचा आठवडा मजेत काढायचा.

दुपारी जेवणं आटोपली की पाहुणीच्या घरचा फोन यायचा. शिवणबाईला त्यांची भाषा येत नव्हती आणि त्यांना हिची. ती नुसतं "हॅलो, हॅलो, एक मिनिट" म्हणायची, रिसीव्हर फळीवर आडवा ठेवायची आणि जिन्याखालून हाक मारायची. पाहुणीला खाली यायला वेळ लागायचा, कारण ती आधी तोंड धुऊन यायची. तेवढा वेळ मी उघडा पडलेला असे. मला भाषा सगळ्या सारख्याच. पलीकडच्यांना वाटायचं, अजून कुणी ऐकत नाही. ते आपसात बोलायचे, आणि ते सगळं माझ्या कानावर पडायचं.

सुरुवातीला ते बोलणं साधंच असे. आई म्हणायची, "तिला विचारू का, केस कोण विंचरून देतं?" बाबा म्हणायचे, "आधी मला बोलू दे." मग पाहुणी यायची आणि तिघं एकमेकांना काही सुचेनासं होऊन तेच तेच विचारत राहायची. जेवलीस का, काय जेवलीस, झोप लागते का.

"मी मजेत आहे," पाहुणी सांगायची. "मला खूप मैत्रिणी मिळाल्यात. मधल्या सुट्टीत आम्ही सगळ्या एकत्र बसतो."

हे ती डोळे मिटून सांगायची. तिच्या आईला त्या काळात नुसता खोकला होता, आणि मुलीला पाठवायला घरात सगळ्यात जास्त तीच भांडली होती. आईचं मन मोडू नये म्हणून पाहुणी खोटं बोलायची. तिला वाटायचं, आणखी थोडे दिवस रेटलं की हे खरंच होईल.

मग आईच्या आवाजातली हवा कमी होऊ लागली. मी फोन आहे, मला हे लगेच कळतं. एक वाक्य ती आता दोनदा थांबून पुरं करायची. पाहुणीलाही शंका आली. "तुझा आवाज असा का येतोय?" असं तिने विचारलं, तर आई म्हणाली, "लाईन खराब आहे." मित्रांनो, मी तुम्हाला सांगितलंच आहे, माझ्यात खरखर नव्हती. माझ्यावर खोटा आळ आला आणि मला तो खोडता येईना.

पुढच्या रविवारी रिसीव्हर फळीवर पडलेला असताना पलीकडून आत्याचा आवाज आला. पाहुणीची आत्या आता त्यांच्याकडे राहायला आली होती.

"वहिनी, आज राहू दे. धाप लागलीय तुला."

"आज रविवार आहे. पाणी दे मला थोडं."

"मग डोक्यावर टोपी तरी घाल. वारा गार आहे."

"सांगून टाकू या तिला," बाबा म्हणाले. "डॉक्टर काय म्हणाले, ऐकलंस ना तू?"

"नाही सांगायचं. तिचं वर्ष वाया जाईल. किती हौसेने गेलीय ती. परत आली की सांगू सगळं. तोवर मी आहे की."

तेवढ्यात पाहुणी आली. त्या दिवशी बोलणं केसांवर गेलं. पाहुणीने शाळेतल्या मुलींसारखं दिसावं म्हणून शिवणबाईकडून आपल्या वेण्या कापून घेतल्या होत्या, आणि ते घरी सांगितलं नव्हतं. आईने विचारलं, तर म्हणाली, "वेणी मीच घालते ग, जमते आता." मग तिने विचारलं, "आणि तुझे केस?" आई म्हणाली, "माझे? कमरेपर्यंत आलेत." पलीकडे आत्या खोलीबाहेर गेल्याचं मला ऐकू आलं. औषधांनी आईच्या डोक्यावर एक केस उरला नव्हता. दोघीही आपापल्या टोकाला बोडक्या होत्या आणि एकमेकींना वेण्यांचं कौतुक सांगत होत्या.

यानंतरचा एक रविवार मी मरेपर्यंत विसरणार नाही.

त्या आठवड्यात पाहुणीचा धीर सुटला होता. शाळेतून आली की ती कोटसुद्धा न काढता जिन्यावर बसून राहायची. जेवण कमी झालं होतं. शनिवारी ती आरशासमोर आली आणि तिथल्या भाषेतलं वाक्य न घोकता तिने स्वतःच्या भाषेतलं घोकलं. "आई, मला घरी यायचंय." हळू म्हणून पाहिलं, नीट म्हणून पाहिलं, न रडता म्हणून पाहिलं. रविवारी सकाळीही तेच. मला बरं वाटलं. म्हटलं, चला, कुणीतरी एकदाचं तोंड उघडतंय.

दुपारी मी वाजलो. शिवणबाईने रिसीव्हर आडवा ठेवला. आणि पलीकडून आईचा आवाज आला, अगदी बारीक.

"आज मीच सांगते तिला. ये म्हणते. मला तिला बघायचंय."

"सांग," बाबा म्हणाले. "सांग, मी उद्याच तिकिटाचं बघतो."

मित्रांनो, मला हातपाय असते तर मी जिना चढून पाहुणीला ओढत आणलं असतं. ती आली. तिने मला उचललं. आणि दोघी एकदमच बोलल्या.

"आई, ऐक ना—"

"बाळा, ऐक—"

"तू बोल आधी."

"नाही, तू बोल."

"तू बोल ना, आई."

आईने श्वास घेतला. थेट सांगवेना, म्हणून तिने आधी जरा अंदाज घेतला. "तू आनंदात आहेस ना ग तिथे?"

पाहुणीने तो बारीक आवाज ऐकला. तिला वाटलं, आई माझ्याच काळजीने खंगलीय. मी घरी यायचं म्हटलं तर ती आणखी खचेल. घोकलेलं वाक्य तिने गिळून टाकलं आणि म्हणाली, "हो, खूप आनंदात आहे. मला तर इथून यावंसंच वाटत नाही."

पलीकडे आईने पाण्याचा घोट घेतला.

"मग काही नाही," आई म्हणाली. "मला तेच विचारायचं होतं. आणि तू काय म्हणत होतीस?"

"मी पण तेच सांगणार होते."

मी दोघींच्या मध्ये होतो. दोघींचं खरं मला ठाऊक होतं. एका टोकाचा शब्द उचलून दुसऱ्या टोकाला ठेवायचा, यापलीकडे मला काही येत नाही, आणि ते दोन शब्द कुणी माझ्यात टाकलेच नाहीत. आईचा आवाज मी त्यानंतर पुन्हा ऐकला नाही.

पुढच्या रविवारी बाबा म्हणाले, आई झोपलीय. त्याच्या पुढच्या रविवारी म्हणाले, आई शेजारी गेलीय. आणि मधल्याच एका दिवशी सकाळी, पाहुणी शाळेत असताना, संस्थेतल्या बाईंचा शिवणबाईला फोन आला. त्यांना दोन्ही भाषा येत होत्या.

"तुमच्याकडच्या मुलीची आई गेली," त्या म्हणाल्या. "घरच्यांची विनंती आहे की तिला इतक्यात सांगू नये. आईचीच तशी इच्छा होती. वर्ष पुरं करून मुलगी परत आली की वडील स्वतः सांगणार आहेत."

"असं कसं?" शिवणबाई म्हणाली. "सोळा वर्षांची आहे ती. तिला कळायला नको?"

"मलाही पटत नाही. पण घरच्यांचा निर्णय आहे. आपण मध्ये पडणारे कोण?"

शिवणबाईच्या गळ्यात मोजायची टेप होती. ती तिने काढली, बोटांभोवती गुंडाळली, पुन्हा सोडली. शेवटी म्हणाली, "बरं."

त्या दिवसापासून घरात अळीमिळी गुपचिळी सुरू झाली. शिवणबाई पाहुणीशी फार प्रेमाने वागू लागली. तिला आवडेल ते रांधायची, शाळेतून यायच्या वेळी दार उघडून उभी राहायची, तिच्यासाठी निळ्या कापडाचा एक फ्रॉक शिवायला घेतला. बसवाला कधी बोलायचा नाही, तोही आता जेवताना तिला शाळेचं विचारायचा. शिवणबाईला दुसरं काही देता येत नव्हतं, म्हणून ती हे देत होती. आणि पाहुणी, मित्रांनो, ती पोर सुखावली. तिला वाटलं, आपण इतके दिवस सोसलं त्याचं हे फळ आहे. या घराने आपल्याला आपलं म्हटलं. तिचा चेहरा उजळला. चालणं बदललं. शाळेतही ती थोडी धीट झाली. तिची ती खुशी बघवत नसे.

एका संध्याकाळी स्वयंपाकघरात तिघं जेवत होती. स्वयंपाकघराचं दार माझ्यासमोरच उघडतं. मला ऐकू आलं, पाहुणी तिथल्या भाषेत म्हणाली, "आई, मीठ दे ना."

पहिल्यांदाच म्हणाली, आणि किती सहज म्हणाली. शिवणबाईने मिठाची बाटली तिच्यासमोर ठेवली, उठली, पॅसेजमध्ये आली आणि खुंटीवरच्या कोटांमध्ये तोंड खुपसून उभी राहिली. आतून पाहुणीचा आवाज आला, "माझं काही चुकलं का? शब्द चुकला?"

"नाही," बसवाला म्हणाला. "बरोबर म्हणालीस."

त्या रविवारी पाहुणीने वडिलांना सांगितलं, "बाबा, आईला सांगा, आता मला इथे सगळं जमतं. सगळे माझ्याशी किती छान वागतात म्हणून सांगा. खोटं नाही हं, खरंच." शेवटचं वाक्य तिने का जोडलं, ते फक्त मला ठाऊक होतं. बाबा म्हणाले, "सांगतो हं, बाळा."

मग तो दिवस आला. पाहुणी शाळेतून धावतच आली. वर्गात मास्तरांनी काहीतरी विचारलं होतं, तिने तिथल्या भाषेत पटकन उत्तर दिलं होतं, आणि सगळा वर्ग हसला होता, तिला नव्हे, तिच्या विनोदाला. हे तिला आईला सांगायचं होतं. रविवारपर्यंत थांबवेना. शिवणबाई कपडे पोचवायला बाहेर गेली होती. पाहुणीने इकडेतिकडे बघितलं, मला उचललं आणि पहिल्यांदाच स्वतः तबकडी फिरवून घरचा नंबर लावला. आकडा चुकू नये म्हणून ती एकेक आकडा ओठांत म्हणत होती.

पलीकडे शेजारच्या काकूंनी फोन घेतला. त्या झाडांना पाणी घालायला आल्या होत्या.

"घरी कुणी नाही ग. बाबा आत्याकडे जाऊन राहिलेत थोडे दिवस. घर खायला उठतं म्हणाले."

"का? आणि आई? आईपण गेलीय का आत्याकडे?"

पलीकडे झारी खाली ठेवल्याचा आवाज आला.

"काकू?"

"बाळा, तू असं काय विचारतेस?" काकू म्हणाल्या. "दोन महिने होत आले की. आम्ही सगळे म्हणत होतो, पोरीला परीक्षेमुळे यायला जमलं नसेल. तुला... तुला सांगितलं नाही का कुणी?"

 माझ्या रिसीव्हरवर पाहुणीची बोटं आवळली. पलीकडे काकू रडायला लागल्या होत्या.

"सांगितलंय, काकू," शेवटी पाहुणी म्हणाली. "माझ्याच लक्षात राहिलं नाही." असं म्हणून तिने मला खाली ठेवलं. अगदी अलगद ठेवलं.

शिवणबाई आली तेव्हा ती जिन्याच्या खालच्या पायरीवर बसलेली होती.

"तुम्हाला माहीत होतं?" तिने विचारलं. आई हा शब्द पुन्हा गळून गेला होता.

शिवणबाईने पिशवी खाली ठेवली. "हो."

"म्हणून तुम्ही माझ्याशी चांगल्या वागत होता."

"नाही ग, तसं नाही," शिवणबाई म्हणाली. पण तसंच होतं, आणि ते दोघींना ठाऊक होतं. शिवणबाई तिच्याशेजारी पायरीवर बसायला गेली, तर पाहुणी उठली. "माझ्या घरी कळवू नका, मला कळलंय म्हणून," एवढं बोलून ती वर निघून गेली. तिच्या आईला निरोप द्यायचा राहिला, तिच्या गावात सगळ्यांना वाटलं की ती मुद्दाम आली नाही, आणि ज्या मायेवर ती इतके दिवस तरंगत होती ती दया निघाली. एका फोनमध्ये एवढं सगळं गेलं, आणि तो फोन मीच जोडून दिला होता.

रविवार आला. मी वाजलो. शिवणबाईने रिसीव्हर ठेवून हाक मारली. पलीकडे आता आपसात बोलायला दुसरं कुणी नव्हतं. पाहुणीचे बाबा एकटेच पुटपुटत होते. "शेजारी गेलीय. नको, ते मागे सांगून झालंय. बाजारात... नको." मग ते खाकरले आणि वाट बघत बसले.

पाहुणीने मला कानाला लावलं.

"कशी आहेस?"

"बरी आहे, बाबा. तुम्ही जेवलात?"

"जेवलो."

ती थांबली. मला कळत होतं, ती त्यांना संधी देत होती. "आई कुठेय?" तिने विचारलं. इतकं हळू विचारलं की वडिलांना खरं सांगायचं असतं, तर तेवढी वाट मोकळी होती.

"जरा पडलीय ती," बाबा म्हणाले.

पाहुणीने डोळे मिटून घेतले.

"असू दे," ती म्हणाली. "उठवू नका तिला."

यानंतर दोघंही बोलले नाहीत. दोघांनीही फोन ठेवला नाही. तिला कळलंय हे त्यांच्या ध्यानात आलं की नाही, मी सांगू शकत नाही. पलीकडून फक्त श्वास येत होता, तो मी इकडे पोचवला, आणि इकडचा तिकडे.

वर्ष संपलं आणि पाहुणी गेली. निळा फ्रॉक तिने नेला नाही. पोचल्यावर फोन कर, असं शिवणबाईने तिला सांगितलं होतं. त्या आठवड्यात ती शिवणाची खोली सोडून पॅसेजमध्येच स्टुलावर बसून हातशिलाई करायची. फोन आला नाही. पाहुणी आणि तिचे बाबा समोरासमोर आले तेव्हा आधी कोण बोललं, कुणी काही बोललं का, मला माहीत नाही. मला तारेच्या बाहेरचं कळत नाही.

त्यानंतर माझ्याशी कुणी नीट वागलं नाही. घरातला मुलगा जाड होऊन परत आला आणि येताना बटणांचा नवा फोन घेऊन आला. मला काढून खोक्यात घातलं, खोकं गॅरेजमध्ये ठेवलं, वर जुने टायर रचले. शिवणबाई एकदा मखमलीचा तुकडा घेऊन आली होती. खोकं उघडून तिने मला पाहिलं आणि न पुसताच झाकण लावलं. तिला मी नकोसा झालो, यात तिचं काय चुकलं?

अशा गोष्टीच्या शेवटी आमच्यासारख्यांनी सांगायचं असतं की मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, त्यांच्यावरची धूळ झटका. मला तसलं काही नको. धूळ राहू दे. माझी विनंती वेगळी आहे, आणि तुम्ही ती ऐकाल अशी मला आशा नाही. लांबच्या माणसाने फोनवर विचारलं, कशी आहेस, तर जे असेल ते सांगा. वाईट असेल तर वाईट सांगा. शब्द फुटत नसेल तर रिसीव्हर धरून रडा. रडणं मी पुष्कळ पोचवलंय, ते तारेतून नीट जातं. त्या रविवारी दोघींपैकी एक जरी नुसती रडली असती, तरी पाहुणी आईजवळ वेळेत पोचली असती.